डाव्या कुशीवरची सायकल

सायकल सापडली होती. योस्ट सापडला नव्हता.

बचाव पथकाच्या माणसाने फोनवर एवढंच सांगितलं. गुंडुला राऊने अर्धा खाल्लेला लोण्याचा ब्रेत्सेल पाव कोटाच्या खिशात कोंबला आणि पोलिसांची गाडी काढली. शनिवारची दुपार होती, नोव्हेंबर संपत आला होता, आणि रात्री पाणी गोठणार असं रेडिओवाला सकाळपासून बजावत होता. आल्बच्या डोंगरात अंधार लवकर पडतो. जखमी होऊन उघड्यावर पडलेल्या माणसाला तिथली एक रात्र पुरते. गुंडुलाला हे माहीत होतं, म्हणून ती वळणांवरही ब्रेक लावत नव्हती.

ब्रुल नदीकाठच्या कुरणावर सायकल क्लबची माणसं शोधाला धावून आली होती. त्यांच्या सायकली गवतावर आडव्या पडल्या होत्या, सगळ्या एकाच कुशीवर, रवंथ करणाऱ्या गुरांसारख्या. गुंडुला दुखरा गुडघा सांभाळत त्यांच्यातून वाट काढू लागली.

"राऊबाई, पाय बघून टाका!" कोणीतरी ओरडलं. "त्या मागच्या डिरेलरवर पाय पडला तर गिअर गेलेच म्हणून समजा!"

सेवेरिन कोल्ब धावत आला. एके काळचा डोंगरी शर्यतींचा विजेता, आता केमलरांच्या कारखान्याच्या शर्यतीच्या टीमचा प्रमुख. पन्नाशी उलटली तरी अंगावर चरबीचा लवलेश नाही. गुडघ्यापर्यंत भिजला होता आणि डोळे लाल झाले होते.

"मी खाली बंधाऱ्यापर्यंत माणसं लावलीत," तो म्हणाला. "त्याची पाण्याची बाटली तिथेच अडकली होती. काठावर पाय घसरल्याची खूण आहे. उतरणीवरून आला असेल, सायकल ठेवली असेल, पाणी भरायला वाकला असेल... राऊबाई, या पोराला सायकलवर मी बसवलंय. सात वर्षांचा होता."

"सायकल तुम्ही हलवलीत का?"

"छे! तिला मी हातच लावत नाही. तो प्रेशर कुकर मला पहिल्यापासून आवडत नाही."

प्रेशर कुकर म्हणजे गिअरबॉक्स. केमलरांचा कारखाना मोटारींसाठी दातेरी चाकं कापण्यात दोन पिढ्या घालवून आता सायकलीकडे वळला होता. एरवी डोंगरी सायकलचे गिअर मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला उघड्यावर असतात आणि त्यांना हलवणारं नाजूक डिरेलर तिथेच लोंबत असतं. दगडाला थडकलं की मोडतं. केमलरांनी सगळे गिअर एका बंद डब्यात, तेलात बुडवून, पेडलच्या मधोमध बसवले होते. पुढेमागे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर तो डबा घालून मालकीणबाईंचा मुलगा योस्ट वसंतापासून डोंगर पालथा घालत होता. उद्या रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर तो आईला सांगणार होता, डबा तयार आहे की नाही. हो म्हणाला तर नव्या वर्षापासून कारखान्याची प्रत्येक सायकल त्याच डब्यावर धावणार होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

ती सायकल काठापासून जरा अलीकडे शेवाळावर पडली होती. पडली म्हणणंही चूक. नीट निजवली होती. साखळीची बाजू वर, हँडल सरळ, कुठे ओरखडा नाही. डब्याखालच्या शेवाळावर बशीएवढा काळा डाग होता.

"दगड लागला असणार डब्याला," बचाव पथकातला एक जण म्हणाला.

"माझ्या डब्याला? बाजूला व्हा!"

एकार्ट मौट माणसांना कोपराने ढकलत पुढे आला. डब्याचा आराखडा याने काढला होता. हा जाडजूड, चष्म्यावर धुकं जमलेला इंजिनिअर स्वतः कधी सायकलवर बसल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. त्याने सायकल उभी केली, पेडल फिरवलं, कान लावून ऐकलं आणि तिला पुन्हा गवतावर आडवी केली, आता साखळी खाली.

"काही झालेलं नाही. आतून ठणठणीत आहे."

"मग तेल कसं सांडलं?"

"डबा तापतो, राऊबाई. त्याला श्वास घ्यायला एक भोक ठेवावं लागतं. आडवा केला की कधीकधी येतं थोडं बाहेर. पुढच्या डब्यात सुधारणार आहे मी ते."

"आणि हँडलच्या गिअर बदलायच्या मुठीवरचा हा आकडा?"

एकार्टने वाकून पाहिलं. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "एक. म्हणजे सगळ्यात हलका गिअर. उभ्या चढाचा."

"इथे चढ कुठे आहे?"

"नाहीच. वरून इथपर्यंत उतार, इथून घरापर्यंत सपाट रस्ता. उतरणीआधी योस्ट मूठ पार शेवटपर्यंत फिरवतो. एकवर तो फक्त स्वर्गाच्या शिडीवर जातो. बाकीचे चढ तिसऱ्यात मारतो, आणि तसं चारचौघांत सांगतोसुद्धा."

स्वर्गाची शिडी म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या अंगाची उभी पायवाट. गुंडुलाने नदीकडे पाहिलं, मग डोंगराकडे.

"मौटसाहेब, तुमचं आणि त्याचं परवा जोरात वाजलं म्हणे."

एकार्ट लाल झाला. "सगळा कारखाना ऐकत होता, मी कशाला नाकारू? तो म्हणे, चढावर पूर्ण जोर लावला की गिअर खाली येत नाही, पाय सैल सोडावा लागतो. मी म्हटलं, मग सोड ना लेका पाय सैल! एवढ्यासाठी माझी सहा वर्षं मातीत घालणार? मला भीती वाटतेय, तो उद्या नाही म्हणणार होता."

"म्हणजे तो न आलेला तुमच्या पथ्यावर."

"असं बोलू नका हो!" त्याने चष्मा काढून उगाचच पुसला. "माझ्या डब्याला शिव्या देणारा तो एकटाच माणूस आहे, ज्याला डबा कळतो."

गेबहार्ड श्टोट्सची झोपडी डोंगराच्या पायथ्याला होती. त्या जंगलातली शिकार त्याने भाड्याने घेतली होती, आणि सायकलवाल्यांशी त्याचं उभं वैर. मागच्या उन्हाळ्यात वाटेवर कुणीतरी आडवी तार बांधली होती, तेव्हा सगळं गाव त्याच्याकडेच बघत होतं.

"या, या," त्याने दारातूनच टोमणा मारला. "सायकलवाला हरवला की माझीच आठवण होणार."

"सकाळी कुठे होतात?"

"मचाणावर. दुसरं कुठे जाणार?"

"योस्ट दिसला?"

"दिसला असता तर कायदा शिकवला असता. दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल घालायची नाही, असं आपल्या राज्याचा नियम सांगतो. वाटेवर कुणाची सायकल मिळाली तर मी काय करतो, विचारा गावात. उचलतो आणि काट्यांत भिरकावतो. कुणाच्या बापाला घाबरत नाही मी."

"नीट निजवून ठेवत नाही?"

"निजवू? मी काय तिला अंगाई म्हणू?"

गुंडुलाला हसू आलं नाही. "काही ऐकलंत?"

गेबहार्ड घुटमळला. दाढी खाजवली. "शिडीच्या वरच्या अंगाला कुणीतरी बोलत होतं. दोन आवाज होते. एक जण हसत होता, मोठ्याने. माझं हरीण पळालं. नंतर सगळं गप्प झालं. वाटलं, गेले एकदाचे." त्याने मान वर केली आणि त्याचा आवाज उतरला. "राऊबाई, ती तार मी बांधली नव्हती. आणि केमलरांचं पोर बरं आहे. वाटेवर भेटला की उतरून चालतो माझ्यासमोर."

केमलरांच्या घराला आणि कारखान्याला मिळून एकच फरसबंदी अंगण होतं. इर्मट्राउड केमलर ते झाडत होती.

श्वाबेनमधल्या गावांत शनिवारी अंगण आणि समोरचा रस्ता झाडलेला नसला तर शेजारी आठवडाभर तोंडसुख घेतात. पण मुलगा नदीत शोधला जात असताना झाडू हातात घेतलेली बाई पाहून गुंडुला फाटकातच थांबली. अंगणात पान नव्हतं, काडी नव्हती. बाई तेच दगड पुन्हा पुन्हा झाडत होती.

"बूट पुसून या," ती मान वर न करता म्हणाली.

गुंडुलाने मुकाट्याने पुसले.

"सापडला?"

"अजून नाही, केमलरबाई."

"थंडी किती पडणार आहे?"

गुंडुलाने नजर खाली वळवली.

दाराजवळच्या एका दगडावर फिकट काळपट डाग होता. घासून घासून दगडाची कड पांढरी पडली होती, तरी डाग उरला होता.

"हा कसला?"

"त्याचंच कर्तृत्व." बाईंनी झाडू थांबवला. "वसंतात ती नवी सायकल आणली आणि ठेवली आडवी, जशी लहानपणापासून ठेवत आलाय. अंगण नुकतंच धुतलेलं! त्या डब्याचं भोक डाव्या बाजूला, डाव्या कुशीवर ठेवली की तेल गळतं. असा झापला की काही विचारू नका. सव्वीस वर्षांचा घोडा, कान पाडून उभा होता. त्यानंतर कधी चुकला नाही. नदीत... डोंगरात कुठेही ठेवली तरी उजव्या कुशीवर. हसायचा मला. म्हणायचा, आई, तुझा आवाज येतो मला आडवी करताना."

तिने पुन्हा झाडायला सुरुवात केली.

गुंडुला त्या डागाकडे बघत राहिली. मग ती फाटकाबाहेर गेली आणि फोनवर बचाव पथकाच्या प्रमुखाला धरलं.

"नदी सोडा. माणसं घेऊन शिडीच्या माथ्यावर जा. चुनखडी खचून झालेले खड्डे आहेत तिथे, एकेका खड्ड्यात दोर टाकून उतरा. आणि हे बघा, सायकल क्लबला कळता कामा नये. कोल्बला तर मुळीच नाही."

"पण सायकल तर नदीवर—"

"सायकल नदीवर आहे. माणूस नाही. पळा!"

शिपायाने व्हॅनमधून सायकल अंगणात आणली तेव्हा उजेड पिवळा पडू लागला होता. एकार्ट आला. सेवेरिनही आला. केमलरबाईंना आधाराची गरज आहे असं सांगून गुंडुलाने त्याला नदीवरून बोलावलं होतं.

"मी तिथे हवा होतो," तो कुरकुरला. "अंधार पडेल आता."

"पडेल खरा. दोन मिनिटं जातील फक्त. जरा ही धरता?"

तिने सायकल त्याच्या हातात दिली. त्याने धरली.

"तो बाक इकडे ओढायचाय. बाई उभ्या राहून थकल्यात. मौटसाहेबांची पाठ धरलीय, आणि माझ्या गुडघ्याचं तुम्हाला माहीतच आहे."

सेवेरिनने आजूबाजूला पाहिलं. टेकवायला भिंत लांब होती. त्याने विचार न करता, चाळीस वर्षांच्या सवयीने, सायकल हलकेच खाली घेतली आणि दगडांवर आडवी केली. साखळीची बाजू वर.

"डाव्या कुशीवर नको!" केमलरबाई ओरडल्या. "तेल! आत्ता झाडलंय मी!"

मग त्यांच्या हातातून झाडू सुटला. पांढऱ्या दगडावर काळा थेंब जमला, दुसरा जमला.

"नेमकी अशीच पडली होती ती नदीवर," गुंडुला म्हणाली.

ती सेवेरिनकडे वळली.

"काठावर जो देखावा होता, त्याचा अर्थ सरळ होता. योस्ट उतरला, त्याने सायकल निजवली, पाण्याजवळ गेला, घसरला. पण सायकल डाव्या कुशीवर होती. योस्टने ती तशी कधीच ठेवली नसती. आईच्या शिव्या माणूस विसरत नाही. म्हणजे ती दुसऱ्या कुणीतरी ठेवली. श्टोट्सने ठेवली असती तर काट्यांत मिळाली असती. मौटसाहेबांनी आज माझ्या डोळ्यांदेखत ती उजव्या कुशीवर ठेवली, त्यांना भोक कुठे आहे ते झोपेतही ठाऊक. उरला असा माणूस, जो सायकलला जीव लावतो पण या डब्याला ओळखत नाही. डिरेलर उजवीकडे असतं, म्हणून उजवं अंग वर. कुरणावर तुमच्या क्लबच्या सगळ्या सायकली तशाच पडल्या होत्या, कोल्ब. तुम्हीच शिकवलंय सगळ्यांना."

"क्लबमध्ये तीस माणसं आहेत!" सेवेरिनचा आवाज चढला. "कुणीही—"

"आहेत ना. पण हा डबा आल्याने त्यांतल्या कुणाचं काय बिघडत होतं? तुमच्या टीमचा खर्च कोण करतं?"

उत्तर केमलरबाईंनी दिलं. त्या सेवेरिनकडे एकटक बघत होत्या. "डिरेलर बनवणारी कंपनी. डबा आला की तो करार संपणार होता. आणि टीमही."

"मुठीवर 'एक' हा आकडा होता," गुंडुला पुढे म्हणाली. "चढ चढत असताना योस्टला थांबवलं गेलं. शिडीच्या माथ्यावरून नदीपर्यंत सगळा उतार. सायकल नुसती घरंगळत आणली, पेडल मारायची वेळच आली नाही, म्हणून मुठीकडे तुमचं लक्ष गेलं नाही. बाटली पाण्यात टाकलीत. टाचेने काठ खरवडलात. आणि मग सगळ्या गावाला घेऊन चुकीच्या ठिकाणी शोधायला लागलात."

सेवेरिन बाकावर बसला. जो बाक ओढायचा होता, त्याच बाकावर.

"मी विचारायला गेलो होतो फक्त," तो म्हणाला. "उद्या काय सांगणार आहेस, एवढंच. तो हसला. म्हणाला, उद्या जेवताना कळेल, काका, तोवर तुला झोप लागू नये. माझी सगळी हयात गेली यात, आणि हा हसतो! मी ढकललं. खड्डा आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. हाक मारली, तो बोलला नाही. मला वाटलं, गेला."

"वाकून बघितलंत?"

त्याने मान फिरवली.

"ढकललंत ते रागाच्या भरात. ते मी समजू शकते." गुंडुला त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "पण सायकल खाली आणलीत तेव्हा राग कुठे होता? दिवसभर तुम्ही माणसांना त्याच्यापासून दूर नेत होतात. तो जिवंत असेल तर मरावा म्हणून!"

फोन वाजला. गुंडुलाने कानाला लावला.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "पाय मोडलाय, गारठलाय. खड्ड्यात वाळकी पानं होती, त्यांत स्वतःला पुरून घेतलं त्याने."

केमलरबाई एप्रन न सोडता फाटकाकडे धावल्या. झाडू जिथे पडला तिथेच राहिला.

शिडीच्या पायथ्याशी स्ट्रेचर खाली आलं तेव्हा अंधारायला लागलं होतं. योस्टचे ओठ निळे पडले होते. आईला पाहून त्याने आधी डोळे मिटले, मग उघडले.

"सायकल?"

"अंगणात आहे. डाव्या कुशीवर."

"आई... तेल गळेल."

"गळू दे," ती म्हणाली आणि त्याचा गार हात स्वतःच्या गालाशी धरून रडू लागली. "गळू दे, गाढवा."

"उद्या सांगणार होतो," तो पुटपुटला. "नाही म्हणणार होतो. चढावर अडकतो अजून. आणखी एक वर्ष तरी लागेल. काकाची जरा चेष्टा केली मी, आई. त्याचीच टीम चालणार होती पुढच्या वर्षी."

गुंडुलाने ते ऐकलं. ती सावकाश पोलिसांच्या गाडीपाशी गेली. मागच्या सीटवर सेवेरिन बसला होता, शिपायाच्या शेजारी.

"काय म्हणाला?" त्याने विचारलं.

सांगावं की नाही, याचा तिने थोडा वेळ विचार केला. मग शब्द न शब्द सांगितला.

दोन्ही तळवे मांडीवर उपडे करून सेवेरिन समोर बघत राहिला. गाडी गावात शिरली, केमलरांच्या अंगणावरून गेली. दिवा चालू होता आणि सायकल दगडांवर तशीच पडली होती.

"तिला कुणीतरी उजव्या कुशीवर ठेवा," तो म्हणाला.